शिकवायला कोणी नसेल तर रस्ट शिकावी का?

तुम्ही विचारलंय की बीएससीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सी थोडीफार येते, राहतो दारव्ह्याजवळच्या खेड्यात, शिकवायला कोणी नाही, तर रस्ट ही सीसारखीच प्रोग्रॅमिंगची भाषा झेपेल का?

झेपेल भाऊ. शिकवायला कोणी नाही म्हणूनच रस्ट घ्या, असं मी म्हणेन.

मी आर्वी तालुक्यातला. रस्टमधला माझा पहिला प्रोग्रॅम घरच्या कापूस वेचणीचा होता. कोणत्या बाईनं किती किलो वेचला त्याची यादी, एक फंक्शन एकूण वजन काढणारं, दुसरं मजुरीचा चुकारा काढणारं. यादी पहिल्या फंक्शनला दिली, मग दुसऱ्याला द्यायला गेलो, तर कंपायलरनं, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनानं, अडवलं. चूक क्रमांक ई०३८२. यादी कोणत्या ओळीत हातातून गेली आणि कोणत्या ओळीत मी ती पुन्हा मागतोय, दोन्ही खुणा करून दाखवल्या.

डवरा, म्हणजे निंदणीचं अवजार, शेजाऱ्याला विकला की तो तुमचा राहत नाही, उसना दिला तर काम झाल्यावर परत येतो. मी नकळत यादी विकून बसलो होतो. फंक्शनला देताना यादीच्या नावाआधी, आणि फंक्शनच्या व्याख्येत यादीच्या प्रकाराआधी, अँडचं चिन्ह (&) लावलं की ती उसनी जाते. नुसती पाहायला एकाच वेळी कितीही जणांना द्या. बदलायला द्यायची तर एकालाच, आणि तेवढा वेळ दुसऱ्या कोणालाच नाही. रस्टची जी भीती घालतात, तिचा मोठा भाग एवढाच आहे.

सीमध्ये फ्री केलेली, म्हणजे काम झालं म्हणून परत केलेली, मेमरी पुन्हा वापरली तर कंपायलर बहुतेक वेळा गप्प राहतो. प्रोग्रॅम कधी बरोबर चालतो, कधी भलतेच आकडे देतो, कधी मध्येच बंद पडतो. अशा एकेका चुकीपायी मी रात्री जागलोय आणि गावात विचारायला कोणी नव्हतं. रस्टचा कंपायलर आधी भांडतो, पण कुठं चुकलं ते सांगतो, बऱ्याचदा काय बदलावं तेही सुचवतो.

आपल्याकडे नेटचा भरवसा नाही, म्हणून एकदा तालुक्याला जाऊन रस्टअप, म्हणजे रस्ट बसवायचं साधन, उतरवून घ्या. त्यासोबत रस्टचं अख्खं पुस्तक येतं. 'रस्टअप डॉक' ही आज्ञा दिली की ते नेटशिवाय उघडतं. इंग्रजी आहे, पण सोपं आहे. लॅपटॉप जुना असेल तर दर वेळी पूर्ण बिल्ड करू नका, 'कार्गो चेक' या नुसत्या तपासणीच्या आज्ञेवर चुका लवकर कळतात.

लाइफटाइम (उसनी वस्तू किती वेळ चालेल त्याचे नियम) आणि असिंक (एक काम थांबलं असताना दुसरं चालवणं) हे अवघड भाग पहिले दोन महिने बाजूला ठेवा. कुठं अगदीच अडलात तर खुशाल क्लोन करा, म्हणजे वेगळी प्रत काढून द्या. पन्नास बायांच्या यादीची एक प्रत जास्त झाली तर काही बिघडत नाही, नंतर काढता येते.

आणि ही हौशी लोकांची भाषा आहे असं कोणी म्हटलं, तर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलनं, म्हणजे तिच्या गाभ्यानं, ६.१ या आवृत्तीपासून रस्टला आत घेतलंय, हे सांगा.

पहिला प्रोग्रॅम मात्र घरातल्याच हिशोबाचा घ्या. उत्तर बरोबर आलं की नाही, हे आईच्या वहीवरून लगेच पडताळता येतं.