सुंता केली की एचआयव्ही होत नाही, हे खरं आहे का? मग कंडोम सोडला तर चालेल का?

तुमचं वय 28, काही महिन्यांत लग्न आहे, आणि सुंता केलेल्या पुरुषांना एचआयव्हीचा धोका 60 टक्क्यांनी कमी असतो असं तुम्ही वाचलंय. म्हणून लग्नाआधी सुंता करून घ्यावी का आणि त्यानंतर कंडोमची गरज उरेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: सुंता झाली म्हणून कंडोम सोडू नका.

मी एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक आहे. हा 60 टक्क्यांचा आकडा समोर बसलेल्या माणसांकडून बऱ्याचदा ऐकतो, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ भलताच लावलेला असतो.

आकडा खोटा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज फार्म इथे 3,274 तरुणांवर झालेला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाची सुंता लगेच केली, दुसऱ्याला नंतर करून देऊ असं सांगितलं. दोन्ही गटांत दीड हजाराहून जास्त पुरुष होते. सुंता न झालेल्यांपैकी 49 जणांना नव्याने लागण झाली, झालेल्यांपैकी 20 जणांना. केनियातल्या किसुमू आणि युगांडातल्या राकाई इथल्या अभ्यासांतही असंच दिसलं. डिसेंबर 2006 मध्ये ते दोन्ही मुदतीआधीच थांबवले, कारण फरक एवढा स्पष्ट झाल्यावर दुसऱ्या गटाला ताटकळत ठेवणं योग्य नव्हतं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सुंतेची शिफारस केली. पण ती जिथे स्त्री-पुरुष संबंधांतून एचआयव्ही खूप पसरलाय आणि सुंतेचं प्रमाण कमी आहे, अशा भागांसाठी होती.

आता ते 20 जण डोळ्यांसमोर आणा. त्यांचीही सुंता झालेली होती. 60 टक्के म्हणजे दहापैकी सहा वेळा तुम्ही सुटलात, असा हिशेब नाही. एरवी ज्या काळात शंभर जणांना लागण झाली असती, त्याच काळात ती चाळीसएक जणांना होईल, एवढाच त्याचा अर्थ. धोका पुन्हा पुन्हा घेत राहिलात, तर या चाळिसांत तुम्हीही येऊ शकता.

फरक पडतो तो कातडीमुळे. शिश्नाच्या टोकावरच्या कातडीची आतली बाजू ओलसर आणि नाजूक असते. एचआयव्हीला ज्या पेशींत शिरायचं असतं, त्या तिथे वरच्या थरातच भरपूर असतात. संबंधाच्या वेळी ही कातडी मागे सरकते, आतली बाजू उघडी पडते, कधी डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात. कातडी काढली की विषाणूची ती सोपी वाट बंद होते. पण मूत्रमार्गाचं तोंड तिथेच असतं, आणि कुठे फोड किंवा जखम असेल तर तीही वाटच.

बाकीच्या विषाणूंबाबत फायदा आहे, पण तोकडा. राकाईतल्याच पुरुषांत दोन वर्षांनी पाहिलं तर हर्पीसची (गुप्तांगावर फोड आणणारा विषाणू) नवी लागण सुंता झालेल्यांत 7.8 टक्के होती, न झालेल्यांत 10.3. किसुमूत तर हर्पीसमध्ये फरकच दिसला नाही. एचपीव्ही या विषाणूचे कॅन्सरशी संबंधित प्रकार राकाईत 18 टक्के विरुद्ध 27.9 टक्के सापडले. सिफिलिसमध्ये काहीच फरक नव्हता. (तो विषाणू नव्हे, पण लोक सगळं एकाच पिशवीत घालतात म्हणून सांगितलं.) एचपीव्ही आणि हेपटायटिस बी यांच्यावर लस आहे. सुंतेचा विचार करण्याआधी त्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा, दोघांसाठी.

आता तुमच्या होणाऱ्या बायकोबद्दल, जिचा उल्लेख तुमच्या प्रश्नात ओझरताच आलाय. वरचे एचआयव्हीचे आकडे पुरुषाला लागण होण्याचे आहेत. पुरुषाला आधीच एचआयव्ही असेल, तर सुंतेने त्याच्या बायकोचं रक्षण होतं का, हेही राकाईत तपासलं गेलं. 2009 मध्ये निकाल आला: होत नाही. उलट सुंता झालेल्यांच्या 18 टक्के जोडीदारांना लागण झाली, न झालेल्यांच्या 12 टक्के. हा फरक योगायोगाचा असू शकतो, पण जखम भरण्याआधी संबंध सुरू केलेल्या जोडप्यांत लागण जास्त दिसली, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

कारण तसा एक माणूस माझ्यासमोर बसलाय. सुंतेला बारा दिवस झालेले. खुर्चीच्या अगदी कडेला, पाय फाकवून बसला होता, नीट टेकवत नव्हतं. "आता मी सेफ आहे ना?" हा पहिला प्रश्न. परवाच त्याने बायकोशी संबंध ठेवले होते, कंडोमशिवाय, आणि दोन टाके उसवले होते. जिथे सुंता केली तिथे एचआयव्हीची चाचणी कुणी केलीच नव्हती. आम्ही केली, ती पॉझिटिव्ह आली. त्याला काय वाटत असेल ते विचारायलाही वेळ नव्हता. मी घड्याळ बघत होतो, कारण संबंधानंतर 72 तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तरच बायकोला लागण टळण्याची आशा. तिला तासाभरात बोलावून घेतलं. ती आली तेव्हा तिला आपण कशासाठी आलोय हेच माहीत नव्हतं. ते तिला सांगणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात जड काम आहे. तिने 28 दिवस गोळ्या घेतल्या, आणि तीन महिन्यांनंतरची चाचणीही निगेटिव्ह आली. त्याचे उपचार चालू आहेत. विषाणू रक्तात मोजता न येण्याइतका खाली आला आणि तसाच राहिला, तर संबंधांतून तो जोडीदाराला लागत नाही. बायकोचं रक्षण सुंतेने नाही, या रोजच्या गोळीने होतं.

तर तुम्ही करावी का? कातडी मागे सरकत नसेल, पुन्हा पुन्हा सूज येत असेल किंवा धर्माने, मनाने हवी असेल, तर करा. सर्जनकडेच करा, आधी चाचणी करून घ्या, आणि नंतर किमान सहा आठवडे, जखम भरल्याचं डॉक्टरांनी बघून सांगेपर्यंत, संबंध नकोत. हस्तमैथुनही नको. नुसत्या एचआयव्हीच्या भीतीने मात्र धावत जाऊ नका.

तुमच्या जागी मी असतो तर लग्नाआधी दोघांची चाचणी केली असती, आणि शेवटच्या जोखमीच्या संबंधाला तीन महिने झाले नसतील तर ती पुन्हा केली असती. दोघंही निगेटिव्ह असाल आणि एकमेकांशिवाय कुणाशी संबंध नसतील, तर एचआयव्हीपुरता कंडोम सोडता येतो, मग सुंता झालेली असो वा नसो. चाचणीचं तिला कसं सांगायचं हे अडत असेल, तर दोघं मिळून समुपदेशकाकडे जा. पहिलं वाक्य आम्ही बोलतो.