सेटमधले सगळे चमचे मांडायचे का?

प्रश्न : लग्नाच्या वाढदिवसाला भावानं चमच्या-काट्यांचा पेटीबंद सेट दिला. त्यात चार प्रकारचे चमचे आहेत : मोठा, मध्यम, गोल तोंडाचा आणि अगदी छोटा. मुलाचे साहेब सपत्नीक जेवायला येणार आहेत. बेत टोमॅटोचं सार, पुलाव, भरली वांगी, पोळ्या आणि बासुंदी. मुलगा म्हणतो, सगळेच मांडून टाक. कुठला चमचा कुठे ठेवू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मुलाचं ऐकू नका. हॉटेलात कॅप्टन होतो तेव्हा नव्या पोरांना मी आधी हेच बजावायचो, की ज्याचा पदार्थ येणार नाही तो चमचा टेबलावर जाणार नाही. नाहीतर एखादा चमचा उरतो आणि आपलं काही चुकलं का, या विचारात पाहुण्याचं जेवणात लक्ष लागत नाही.

मोठा तो टेबलस्पून. फ्रान्समध्ये याच चमच्यानं टोकाकडून सूप पितात. आपल्याकडे तो वाढायला ठेवावा. वांगी वाढताना चमचा खालून आणि काटा वरून, दोन्ही एकाच हातात धरा. वेटर असंच वाढतात. वांगं फुटत नाही, मसालाही आत राहतो. आदल्या दिवशी बटाट्यावर सराव करा.

मध्यम चमच्याला डेझर्ट स्पून म्हणत असले, तरी पुलावाला हाच घ्या. हॉटेलात साधारण याच मापाचा ‘एपी’, म्हणजे ऑल पर्पज चमचा बहुतेक सगळ्याला चालवतात. थायलंडमध्ये तर जेवणाचा मुख्य चमचा उजव्या हातात असतो आणि डाव्या हातातला काटा फक्त घास त्यावर ढकलतो. पुलाव असा खाऊन बघा, शितं ताटाबाहेर पळत नाहीत.

गोल चमचा सुपाचा. तो आख्खा तोंडात घालायचा नसतो, कडेनं प्यायचं. भरताना आपल्यापासून दूर न्यायचा, म्हणजे थेंब पडला तरी बाऊलमध्येच पडतो, साडीवर नाही. सार बाऊलमध्ये देणार असाल तर हा चमचा उजवीकडे सगळ्यांत बाहेर ठेवा आणि त्याच्या आत, ताटालगत, पुलावाचा. जे आधी लागतं ते बाहेर. काटा डावीकडे. पण मला विचाराल तर सार वाटीत द्या आणि गोल चमचे पेटीतच राहू द्या. सार वाटीला तोंड लावून प्यावं, त्याला कुठल्याही साहेबाची हरकत नसावी.

बासुंदी वाटीत असेल तर छोटा चमचा, पसरट बाऊलमध्ये असेल तर मध्यम. तो ताटाच्या वरच्या बाजूला आडवा, दांडी उजवीकडे करून ठेवा. पोळी-वांगी हातानंच खाऊ द्या, शेवटी कोमट पाण्यात लिंबाची फोड टाकून फिंगर बोल द्या.

आणि हो, टीस्पून म्हणजे 5 मिली, टेबलस्पून म्हणजे 15, हा हिशोब मापाच्या चमच्यांचा. जेवणाचे चमचे तेवढेच भरतात असं नाही. नातवंडांचं औषध त्यांनी मोजू नका.

प्रश्न : आजेसासूबाईंच्या चांदीच्या चमच्यानं उकडलेलं अंडं खाल्लं, तर चमचा काळा पडला. खराब झाला का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. अंड्यातल्या गंधकानं चांदी काळवंडते. म्हणूनच इंग्रजांकडे अंड्यासाठी हाडाचे किंवा शिंपल्याचे चमचे निघाले. मीठही चांदीला बाधतं, त्यामुळे मिठाच्या भांड्यात तो चमचा राहू देऊ नका. पातेल्याच्या तळाशी अॅल्युमिनियमची फॉइल पसरा, चमचा तिला टेकेल असा ठेवा, खाण्याचा सोडा टाकून वर कढत पाणी ओता. काही मिनिटांत काळेपणा उतरतो. दांडीवरच्या नक्षीच्या खाचा मुद्दाम काळ्या ठेवलेल्या असतील, तर मात्र हे करू नका. तो काळा रंगही निघून जाईल. मग फक्त तोंडाचा भाग चांदीच्या पॉलिशनं, मऊ फडक्यानं पुसून घ्या.