आजीची गाणी, कूलरचा आवाज आणि दहा हजारांचा रेकॉर्डर

शिरपूरच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा : आजी ८२ वर्षांच्या आहेत, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) आणि कानबाई या खान्देशी देवीची अहिराणी गाणी त्यांना अजून तोंडपाठ आहेत, ती नीट जपून ठेवायची आहेत. बजेट दहा हजार. ‘३२-बिट फ्लोट’वाला रेकॉर्डर घ्यावा की मोबाईलच पुरे? शिवाय आजोबांच्या आवाजाच्या दोन कॅसेटी घरात आहेत, त्यांचं काय करायचं?

ताई, मी धुळ्याचा. चौदा वर्षं झाली, सुटीच्या दिवशी आजूबाजूच्या गावांत जाऊन म्हाताऱ्या माणसांची गाणी टिपत असतो. पोटापाण्याचा धंदा वेगळाच आहे, हे नुसतं वेड. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

सगळ्यात आधी, रेकॉर्डर घरी येईपर्यंत थांबू नका. आज संध्याकाळीच मोबाईलवर एक गाणं घ्या. फोन फ्लाईट मोडवर टाका, नाहीतर बरोबर धृपदाच्या वेळी कुणाचा तरी फोन येतो. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये वेव्ह फॉरमॅट (आवाज न दाबता ठेवणारा) मिळत असेल तर तोच निवडा. फोन आजींच्या तोंडापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा. टेबलावर किंवा फरशीवर नको, तिथला प्रत्येक धक्का माईकपर्यंत पोचतो. आणि ती फाईल व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवायचीच झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉइस मेसेज म्हणून गेली की आवाज दाबला जातो.

मोबाईलची खरी अडचण वेगळी आहे. तो स्वतःच शहाणपणा करतो. आजी दम घ्यायला थांबल्या की त्याला वाटतं आवाज कमी झाला, मग तो पातळी वर ओढतो आणि मागचा कूलर उसळून येतो. गाणं परत सुरू झालं की पुन्हा खाली. ऐकताना घरच दम्याने धापा टाकतंय असं वाटतं. हे नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. रेकॉर्डर घ्यायचा तो मुख्यतः यासाठी की पातळी आपल्या हातात राहते.

पण कोणताही रेकॉर्डर घ्या, अंतर चुकलं तर पैसे पाण्यात. तोंडापासूनचं अंतर दुप्पट केलं की गाणाऱ्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो. पंखा, कूलर, गल्लीतली फटफटी मात्र तेवढीच राहते. वीतभर ते हातभर, एवढ्यातच काम करायचं. महागडा रेकॉर्डर कपाटावर ठेवून केलेल्या रेकॉर्डिंगपेक्षा साधा रेकॉर्डर आजींच्या पुढ्यात ठेवून केलेलं कधीही सरस.

आता यंत्रांकडे येऊ. भाव दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून मी आकडे देत नाही; तुमच्या रकमेत काय बसतं ते त्या दिवशी बघा.

सोनीचा आयसीडी-पीएक्स४७० हा मुळात भाषणं-मुलाखतींसाठीचा. खिशात मावतो, आत ४ जीबी जागा आहे, वर मायक्रोएसडी कार्ड लागतं, यूएसबीची पिन अंगातूनच बाहेर सरकते. नुसत्या गप्पा आणि आठवणी टिपायच्या असत्या तर मी हाच सांगितला असता. तो एमपी३ शिवाय १६-बिट पीसीएममध्येही (म्हणजे न दाबलेल्या आवाजातही) घेतो, त्यामुळे गाण्यालाही अगदीच वाईट नाही.

झूम एच१एन आणि टास्कॅम डीआर-०५एक्स ही तुमच्या कामाची खरी जोडी. दोन्ही २४-बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत जातात; आवाज किती बारकाईने टिपला जातो त्याची ही मापं. फरक माईकच्या स्वभावात आहे. झूमचे दोन माईक एकमेकांवर आडवे, एक्स-वाय पद्धतीचे. समोरचं जास्त पकडतात. टास्कॅमचे सर्वदिशी, चारही बाजूंचं सारखंच घेतात. दुकानदार सांगेल की समोरचं घेणारा चांगला, मागचा गोंगाट कमी येतो. घरात बसून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तो फायदा मला फारसा कधी जाणवला नाही, कारण आवाज भिंतींवर आपटून सगळीकडून येतच असतो. उलट सर्वदिशी माईकला वाऱ्याचा आणि हाताळण्याचा त्रास कमी होतो. आणि कानबाईला बायका गोल बसून गातात! मध्ये सर्वदिशी रेकॉर्डर ठेवला की कुणी सुटत नाही. एक्स-वाय ठेवला तर पाठीमागच्या दोघीतिघी लांब गेल्यासारख्या वाटतात. झूमचं प्लॅस्टिकचं अंग हातात धरलं की करकर नोंदवतं, म्हणून तो छोट्या तिपाईवरच हवा. पण त्याची पातळीची चकती समोरच आहे, चष्म्याविनाही फिरवता येते. मेनूत शिरायचा कंटाळा असलेल्यांना तो बरा. माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी टास्कॅम.

३२-बिट फ्लोटची सध्या फार हवा आहे. झूमचा एच१एसेन्शियल त्यातला. यात पातळी लावायचीच नसते. हळू आवाज नंतर वाढवता येतो, मोठा आवाज फाटल्यासारखा दिसला तरी नंतर खाली आणता येतो. चीज खरी आहे, धूळफेक नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. माईकचा पडदाच ज्या आवाजाला हार मानतो तिथे बिट काही करू शकत नाहीत. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला मोठ्या ढोलांच्या शेजारी उभं राहिलं की हे लगेच कळतं. आणि त्या फाईली ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमधून नीट करून मगच इतरांना द्याव्या लागतात. काही प्लेयर त्या वाजवतच नाहीत. घरात कॉम्प्युटरवर बसणारं कुणी असेल तर जरूर घ्या. नसेल तर एकट्या आजींच्या आवाजासाठी २४-बिट भरपूर झालं. धृपदाच्या चढ्या सुरावर चाचणी घ्या, पातळीचा काटा −१२ डेसिबलच्या आसपास जाऊ द्या, विषय संपला. शून्याला टेकला की मात्र फाटला.

सेटिंग एकदाच करून ठेवा : वेव्ह, २४-बिट, ४८ किलोहर्ट्झ, ऑटो लेव्हल (पातळी आपोआप वरखाली करणं) बंद, लो-कट (खालचे जाड आवाज कापणारी सोय) ८० हर्ट्झच्या आसपास. बायकांच्या आवाजात त्याच्या खाली काही नसतं, कूलरची घरघर मात्र बरीचशी कापली जाते. ढोल असेल तेव्हा लो-कट काढायला विसरू नका, नाहीतर ढोलाची डफली होते. या सेटिंगला तासाला साधारण १ जीबी जागा लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर तीसएक तास. मोठी फाईल मध्येच तुटून पुढची आपोआप सुरू होते, घाबरू नका.

सेल. आपल्याकडे ही गोष्ट लोक विचारातच घेत नाहीत. मी मुद्दाम पेन्सिल सेलवर चालणारेच रेकॉर्डर घेतो. आत बसवलेली बॅटरी चार-पाच वर्षांनी मान टाकते आणि मग तिच्यासाठी दुकानं पालथी घालावी लागतात; पेन्सिल सेल कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळतात. टास्कॅमला मोठे दोन लागतात, झूमला छोटे दोन. झूमला कंपनी १० तास सांगते, टास्कॅम त्याहून जास्त चालतो. चार्जिंगचे सेल वापरलेत तर मेनूत तसं सांगा, कारण ते १.२ व्होल्टचे असतात आणि यंत्राला वाटतं सेल संपत आले. आणि मे महिन्यात रेकॉर्डर गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. भुसावळ-जळगावकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण माझा एक असाच गेला.

आता माझी फजिती सांगतो, कारण ती तुमची होऊ नये. पारोळ्याजवळच्या एका गावात माझ्या आत्याकडे आखाजीला गेलो होतो. अंगणात लिंबाला झोका, माहेराला आलेल्या पोरी, आत्या रंगात आलेली. चाळीस मिनिटं ती गायली. माझ्या त्या वेळच्या रेकॉर्डरवर बटण एकदा दाबलं की तो नुसता तयारीत राहायचा. लाल दिवा मिचमिचायचा, काटेही नाचायचे. दुसऱ्यांदा दाबलं की खरं रेकॉर्डिंग सुरू. मी एकदाच दाबलं होतं. आत्याने संध्याकाळी पुन्हा गाऊन दाखवलं, पण ते आठवून आठवून म्हटलेलं होतं, मधल्या दोन कडव्यांत तर तिने नावंच बदलली. तेव्हापासून मी दिवा बघत नाही, सेकंदांचा आकडा पळतोय का ते बघतो. काही रेकॉर्डर आजही असेच वागतात. नवीन घेतल्यावर आठवडाभर घरातल्या फालतू गप्पा रेकॉर्ड करून हात बसवा.

कूलरचं काय? ८२ वर्षांच्या माणसाला वैशाखात कूलर बंद करून बसवणं म्हणजे पाप. मी पहाटे साडेपाचला जातो. गारवा असतो, गल्ली झोपलेली असते, म्हाताऱ्या माणसांना तशीही झोप नसते. चिमण्या येतात रेकॉर्डिंगमध्ये, येऊ द्या. दुसरी वेळ म्हणजे लाईट गेल्यावरची! पंखे, फ्रिज, शेजारचा टीव्ही, सगळं एकदम गप्प. लोक वीज मंडळाला शिव्या देत असतात आणि मी पिशवीतून रेकॉर्डर काढत असतो.

कॉलरचा छोटा माईक घ्यायचा मोह होईल. बोया बीवाय-एम१ पुष्कळ लोक घेतात. ६ मीटर वायर आहे, आत छोटा गोल सेल आहे, मोबाईल आणि कॅमेरा असा खटका आहे. रेकॉर्डरला लावताना खटका कॅमेऱ्याकडे करावा लागतो आणि काम झाल्यावर परत मोबाईलकडे, नाहीतर सेल पडल्या पडल्या संपतो. दुसरे माईक घेताना पिनवरचे काळे पट्टे मोजा : मोबाईलला तीन पट्ट्यांची लागते, रेकॉर्डरला दोन पट्ट्यांची. पण आजींसाठी मी हा माईक नको म्हणेन. पदराची सळसळ आणि पोतीच्या मण्यांची टिकटिक गाण्याच्या वर येते, आणि पोत काढून ठेवा असं आपण म्हणू शकत नाही. लावायचाच झाला तर खांद्याकडे, पदर पिनेने घट्ट करून.

जात्यावरची ओवी घ्यायची असेल तर आजींना नुसतं बसवून ‘म्हणा’ म्हणू नका. हात फिरल्याशिवाय ओवी येत नाही, हे मी पाच-सहा घरांत पाहिलं. जातं नसेल तर सूप द्या हातात. जातं असेल तर रेकॉर्डर जमिनीवर ठेवू नका, घरघर थेट जमिनीतून चढते. शेजारी पाट, पाटावर गोधडी, त्यावर रेकॉर्डर, तोंडाच्या बाजूला. बांगड्या वाजतील, त्या राहू द्या. त्या गाण्याचाच भाग आहेत.

कानबाईचं गणित वेगळं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी विसर्जन. सेल नवे टाका, मध्यरात्री पुन्हा बदला. जिथे माईकचा सेट आणि मिक्सर असेल तिथे त्याची लाईन-आउट रेकॉर्डरला जोडायचा मोह होतो. रेकॉर्डरमध्ये इनपुट ‘लाईन’वर करायची सोय असेल तर आधी तसं करा. माईकवर राहिलं तर रात्रभराचं सगळं फाटकं निघेल. खरं तर मी तिथेही साधा हवेतलाच आवाज घेतो, हसणं-खिदळणं त्यातच येतं.

कॅसेटींसाठी तोच रेकॉर्डर चालेल. चालू स्थितीतला टेप शोधा, त्याचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या म्हणजे चिकटलेली पट्टी मोकळी होते. मग हेडफोनच्या भोकातून वायर रेकॉर्डरच्या इनपुटला, टेपचा आवाज मध्यम. त्याआधी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या पाकळ्या मोडा. चुकून टेपवरचंच लाल बटण दाबलं गेलं तर आजोबा कायमचे पुसले जातील.

कार्ड खात्रीच्या दुकानातून घ्या. मला एका बाजारात ६४ जीबीचं म्हणून दिलेलं कार्ड खरं ८ जीबीचं निघालं. पुढच्या फाईली दिसायच्या, उघडायच्या नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नवं कार्ड आधी त्यातून काढा, मग रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा. घरी आल्यावर त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी, आणि तिसरी दुसऱ्या गावातल्या भावाकडे किंवा बहिणीकडे. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, आजींचं नाव आणि गाणं कधीचं, एवढं बोलून घ्या. फाईलचं नाव बदलतं, आवाजातलं बदलत नाही.

एक नाजूक गोष्ट. या गाण्यांत सासू येते, नणंद येते, कधीकधी खरी नावं येतात. यूट्यूबवर टाकण्याआधी आजींना ऐकवा आणि विचारा. एका मावशीने मला सांगितलं होतं, हे गाणं ठेव, पण माझी धाकटी जाऊ आहे तोवर कुणाला ऐकवू नको. ते माझ्याकडे तसंच आहे.

पहिल्या दिवशी काही होणार नाही, हेही धरून चाला. वारा अडवायला माईकवर घालतात त्या केसाळ टोपीकडे बघून एका आजीने मला विचारलं होतं, “हाई काय शे भो, मुंगूस शे का?” तो दिवस हसण्यातच गेला. रेकॉर्डर दोन दिवस त्यांच्या पानाच्या डब्याशेजारी बंदच ठेवा, तिसऱ्या दिवशी चालू करा.

आणि ऐका, माझा जुना टास्कॅम कपाटात पडून आहे, काट्यासकट सगळं ठीक चालतंय. शिरपूरहून धुळ्याला कुणी येणार असेल तर घेऊन जा, आखाजी झाली की परत द्या. मग विकत कोणता घ्यायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल. पेन्सिल सेल मात्र तुमचे.