आरोग्य-शंका : पंप यजमानांच्या छातीत, सराव पुतळ्यावर

प्रश्न : माझ्या यजमानांचे हृदय फार क्षीण झाल्याने त्यांना 'एलव्हॅड' म्हणजे हृदयाच्या डाव्या निलयाला (खालच्या कप्प्याला) साहाय्य करणारा पंप बसवायचे ठरले आहे. घरी सोडण्यापूर्वी मी व मुलाने पुतळ्यावर सराव करून परीक्षा द्यावी, असा रुग्णालयाचा आग्रह आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आहे. माहितीपुस्तिका मात्र दोनदा वाचली आहे. तेवढे पुरणार नाही का? – एक भगिनी, नाशिक

उत्तर : पुरणार नाही. पंप छातीत असला, तरी त्याची वायर पोटाच्या त्वचेतून बाहेर येऊन कमरेला लावलेल्या कंट्रोलरला, म्हणजे पंप चालवणाऱ्या छोट्या यंत्राला, जोडलेली असते आणि त्याला दोन बॅटऱ्यांची वीज मिळते. बॅटऱ्या बदलणे तुम्ही यजमानांजवळ बसूनच शिकाल, कारण एका वेळी एकच काढली तर पंप चालू राहतो. परंतु कंट्रोलर बिघडून राखीव कंट्रोलर जोडायची वेळ आली, तर जुन्यातून वायर काढून नव्यात बसेपर्यंत पंप थांबलेला असतो, आणि म्हणूनच ही कृती निव्वळ सरावासाठी रुग्णावर करून पाहता येत नाही. पुतळा नसेल, तर तुमचा पहिला प्रयत्न थेट यजमानांवरच होईल. रुग्णाला आधी बसवणे किंवा निजवणे, राखीव कंट्रोलरला वीज जोडून ठेवणे आणि मगच वायर काढणे, हा क्रम कर्कश अलार्म वाजत असताना नुसता वाचून आठवत नाही. तो हातात बसावा लागतो.

रात्री पंप घरच्या विजेवर चालतो. 'हार्टमेट ३' या पंपाच्या कंट्रोलरमधील आपत्कालीन बॅटरी वीज गेल्यावर सुमारे १५ मिनिटेच साथ देते, तेव्हा मुलाला दिवे मालवून बॅटऱ्या जोडायला लावा. (प्रशिक्षक हसले तरी हरकत नाही.) वायरभोवतीचे ड्रेसिंगही पुतळ्यावर करा, निर्जंतुक हातमोजा नकळत चादरीला लागतो, आणि तो लागल्याचे शेजारी उभ्या असलेल्यालाच दिसते. या पंपातून रक्त अखंड वाहत असल्याने अनेकदा नाडी हाताला लागत नाही, हे घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवा.

शिक्षणाची चिंता नको. येथे करून दाखवायचे असते. मात्र काही महिन्यांनी तपासणीला जाल, तेव्हा पुतळ्यावर कंट्रोलर पुन्हा बदलू देण्याची मागणी जरूर करा, कारण जी कृती क्वचितच करावी लागते, तिची सवय लवकर मोडते.