शेंडीच्या कोंबड्या: आधी ठेवण, मग रंग

बदलापूर, श्रावण

सप्रेम आशीर्वाद.

पत्र आणि फोटो मिळाले. पांढऱ्या शेंडीचा काळा पोलिश जातीचा कोंबडा, तशाच दोन तलंगा (कोवळ्या कोंबड्या) आणि ऐरोली गावठाणातलं तुमचं परस, बघून फार बरं वाटलं. पण याच तिघांपासून तुला निळा, रुपेरी आणि सोनेरी असे तीन रंग उभे करायचे आहेत, ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. असं करू नकोस पोरी. पहिली तीन वर्षं काळ्यावरच राहा.

मी हे भोगलंय म्हणून सांगतो. काळ्या किनारीच्या रुपेरी कोंबड्यांवर मी हौसेनं सोनेरी कोंबडा सोडला. माद्या सगळ्या सोनेरी निघाल्या, नर सगळे रुपेरी. दोन्ही रंग एका दमात हाती आले या आनंदात मी त्यातले दोन नर पैदाशीला ठेवले. पुढच्या वर्षी ते अस्सल रुपेरी माद्यांवर सोडले, तरी जवळजवळ निम्म्या तलंगा सोनेरी! कोंबड्यांत हा रंग लिंगाशी बांधलेला असतो. सोनेरी कोंबड्याची लेक आईचा रुपेरी रंग घेत नाही, आणि मुलगा रुपेरी दिसला तरी पोटात सोनेरी लपवून असतो. त्या नरांच्या मानेवरची पिवळसर झाक मला आधीच दिसायला हवी होती. ती ओळ निवळायला तीन वर्षं गेली.

निळ्याचं गणित त्या मानानं सोपं आहे. निळ्याला निळा लावला तर निम्मी पिल्लं निळी, चौथा हिस्सा काळी आणि चौथा हिस्सा पांढुरकी, ठिपके उडाल्यासारखी. सगळीच निळी हवी असतील तर काळ्याला ती ठिपक्यांची लावायची. म्हणजे तुझी काळी ओळ चांगली घडली की निळा रंग कधीही आणता येईल, फक्त तसा एक पक्षी मिळायला हवा. घाई कशाला?

आता खरी गोष्ट, डोकं. लाल मांसल तो तुरा. या जातीत तो इंग्रजी व्हीसारखा, दोन इवल्या शिंगांचा असतो. पिसांची ती शेंडी, आणि शेंडीचं मूळ कवटीत आहे. पिल्लू सुकलं की त्याच दिवशी डोक्यावर अलगद बोट फिरव. टेंगूळ उंच, गोल आणि मधोमध असेल त्या पिल्लाच्या पायात रिंग घाल. टेंगूळ बसकं असलं तर पुढे शेंडी सहसा विरळ येते, दोन्हीकडे फाकते. दाबून मात्र बघू नकोस. तिथलं हाड पुरतं भरलेलं नसतं, धक्का थेट मेंदूला लागतो. गावठाणातल्या गावठी कोंबड्या यांच्यात मिसळू न देण्याचं कारणही तेच आहे. पांढऱ्या शेंडीवर रक्ताचा एक थेंब दिसला की सगळ्या मिळून टोचायला लागतात.

मोठेपणी मादीची शेंडी चेंडूसारखी गच्च हवी. नराची पिसं लांब, टोकदार, चहूबाजूंनी ओघळलेली. शेंडीच्या मुळाशी, कपाळावर थोडी काळी पिसं असतातच; तेवढ्यावरून चांगला पक्षी काढू नकोस, मी काढलेत आणि हळहळलोय. शरीराकडे बघ. खांदे रुंद, छाती भरलेली, पाठ सरळ आणि शेपटीकडे उतरती, शेपटी पसरलेली, पाय पाटीसारखे राखाडी. कोंबडा पावणेतीन किलोच्या आसपास, कोंबडी दोनच्या. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशननं 1874 मध्ये हा रंग आपल्या पहिल्या मानकात घेतला, तेव्हापासून त्याचं मोजमाप लिहिलेलं आहे. तुझ्या डाव्या तलंगीची पाठ मला अरुंद वाटते. तिची शेंडी कितीही देखणी असली तरी कोंबडा आधी उजवीवर सोड. वाकडी चोच आणि एका अंगाला कललेली शेपटी यांना तर कधीच माफी नको.

एकाच कोंबड्यावर किती काळ चालणार, हेही विचारलं आहेस. बापाला लेक लावून ठेवण पक्की होते, पण एकदाच. उबवणीत पिल्लं अंड्यातच मरायला लागली की रक्त फार जवळ आलं असं समज. त्याआधीच दुसरीकडचा नर आण. गावठी रक्त घातलंस तर पिल्लं काटक होतील, पण शेंडी अर्ध्यावर येईल, आणि ती परत भरायला दोन-तीन पिढ्या लागतील.

खाडीकाठचा पाऊस या पाखरांना सोसत नाही. भिजलेली शेंडी डोळ्यांत जाते, डोळे चिकटतात. पाण्याला निप्पल, म्हणजे चोच लावली की थेंब सोडणारी तोटी लाव, उघडं भांडं नको. पैदाशीच्या कोंबड्याची डोळ्यांभोवतीची पिसं कातर. त्याला मादी दिसली नाही तर अंडी फुकट. जवळ जाताना बोलत जा, वरचं दिसत नसल्यानं ती दचकतात. शेंडीत उवा आहेत का ते दर आठवड्याला पिसं फाकून बघ. राणीखेत रोगाची लस चुकवू नकोस. आणि एकदम दोन-चार पक्षी मेले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळव, लपवू नकोस. 2022 च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, शहापूरच्या वेहळोलीत, बर्ड फ्लू निघाला होता. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

उरलेली पिल्लं देताना ती पैदाशीची नाहीत हे स्पष्ट सांग.

दसऱ्यानंतर ये. माझ्या जुन्या ओळीची डझनभर अंडी बाजूला काढून ठेवतो. तुझ्या कोंबड्याला परकं रक्त त्यातूनच मिळेल. या जातीच्या कोंबड्या क्वचितच खुडूक होतात, म्हणजे अंडी उबवायला बसतात, तेव्हा शेजारची एखादी गावठी खुडूक कोंबडी आधीच मागून ठेव. बदलापूरहून दुपारची गाडी घे, ठाण्याला बदलताना गर्दी कमी असते. डबा मांडीवर ठेव, अंड्यांची टोकं खाली. घरी गेल्यावर एक दिवस तशीच राहू देत आणि मगच कोंबडीखाली घाल.

तुझा,
काका