पोलिसांच्या भ्रष्टाचाराची जाहीर चौकशी झाली, तर कुणाला खरंच शिक्षा होते का?

होते, पण क्वचित. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याचं उदाहरण पाहा. जुगारअड्डे आणि कुंटणखाने पोलिसांच्या आशीर्वादाने चालतात, हे १९८७ मध्ये वृत्तपत्र आणि टीव्हीने उघड केलं. मुख्यमंत्री बाहेर होते, प्रभारी मुख्यमंत्री बिल गन यांनी चौकशी लावली. माजी न्यायाधीश टोनी फिट्झजेराल्ड यांच्यापुढची ती चौकशी लवकर गुंडाळली जाईल असं वाटत होतं, पण ती दोन वर्षं चालली.

खरी मेख अभयदानात होती. हप्ते गोळा करणारा माजी पोलीस जॅक हर्बर्ट याला खटल्यापासून अभय दिलं आणि त्याने पैसा कुठून कुठे जायचा ते साक्षीत सांगितलं, थेट पोलीस आयुक्त टेरी लुईस यांच्यापर्यंत! लहान माशाला सोडणं मनाला पटत नाही, पण त्याशिवाय साखळी उलगडत नाही. लुईस यांना १९९१ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली, ‘सर’ किताबही गेला. काही मंत्रीही तुरुंगात गेले.

आपल्याकडे चौकशी आयोगाचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात. श्रीकृष्ण आयोगाने मुंबई दंगलीबाबत पोलिसांवर नावानिशी ठपका ठेवला, पण १९९८ मध्ये तत्कालीन राज्य सरकारने अहवाल फेटाळला. क्वीन्सलँडमध्ये मात्र खटल्यांसाठी स्वतंत्र विशेष सरकारी वकील नेमला होता.