वाचकांचे प्रश्न: पावडर वाट कसली बघते?

प्रश्न: काळ्या कॉपर ऑक्साईडचं हायड्रोजनने क्षपण करत होतो, म्हणजे ऑक्सिजन काढून तांबं उरवत होतो. पावडर एकाच बाटलीतली, पण अर्धी खलात घोटून घेतली आणि अर्धी रात्रभर भट्टीत ८०० अंशांवर ठेवली. नंतर दोन्ही २०० अंशांच्या आसपास नळीत तापवल्या. घोटलेली लगेच लाल व्हायला लागली, भाजलेली मात्र बराच वेळ काळी ती काळीच, आणि मग अचानक सुटली ती सुटलीच. माल तोच, शुद्धता तीच, मग हे काय?

उत्तर: प्रश्न आवडला, कारण बहुतेक जण हा सुरुवातीचा वेळ "नळी अजून तापली नसेल" म्हणून सोडून देतात. त्याला इंडक्शन पिरियड म्हणतात आणि खरी गंमत तिथेच आहे.

बघा, आपण वहीत सरळ लिहून टाकतो की हायड्रोजन ऑक्सिजन घेऊन गेला आणि पाणी झालं, पण हायड्रोजनचा रेणू जोडीने येतो, ती जोडी आधी तुटायला लागते, आणि ऑक्साईडचा पृष्ठभाग अगदी नीटनेटका असेल, सगळे अणू जागच्या जागी, तर तिथे ती सहजासहजी तुटत नाही, रेणू येतो, टेकतो आणि परत जातो. जिथे पायरी आहे, कोपरा आहे, किंवा एखादा ऑक्सिजन मुळातच गायब आहे (ही ऑक्सिजन व्हेकन्सी), तिथले धातूचे अणू अर्धे उघडे पडलेले असतात आणि हायड्रोजन तिथे तुटतो. मग शेजारचा ऑक्सिजन पाणी होऊन जातो, म्हणजे अजून एक रिकामी जागा. अशा जागा साठत जाऊन तांब्याचा पहिला बारीक कण तयार झाला की खेळच बदलतो, कारण तांब्यावर हायड्रोजन जास्त सहज तुटतो आणि तिथून बाजूच्या ऑक्साईडवर सरकतो. रिअॅक्शन स्वतःच स्वतःला ढकलायला लागते. किती झालं विरुद्ध वेळ असा ग्राफ काढलात तर इंग्रजी एस अक्षरासारखा येईल.

तुमच्या भट्टीने काय केलं, तर रात्रभराच्या उष्णतेत अणूंना हलायला वेळ मिळाला, पायऱ्या-कोपरे बुजले, कण एकमेकांना चिकटून मोठे झाले. खलाने बरोबर उलटं केलं. पण एक सांगतो, सगळं श्रेय डिफेक्टला (म्हणजे या पायऱ्या, कोपरे, रिकाम्या जागांना) देऊ नका, भाजल्यावर एकूण पृष्ठभागही कमी होतो आणि त्यानेही वेग पडतो. दोन्ही वेगळं करायचं तर पृष्ठभाग मोजावा लागेल.

अजून एक करून बघा. भाजलेली पावडर कडेने लाल व्हायला लागली, नळीच्या गार टोकाला पाण्याचे थेंब दिसले की हायड्रोजन बंद करून नायट्रोजन सोडा, थोडं थांबा, परत हायड्रोजन. यावेळी वाट बघावी लागणार नाही, कारण तांब्याचे कण आता तयार आहेत. फक्त मधे हवा आत जाऊ देऊ नका, तांबं परत काळं पडेल, आणि गरम नळीत हवा आणि हायड्रोजन एकत्र म्हणजे स्फोटच, ते वेगळं सांगायला नको.

प्रश्न: पांढरं टायटॅनियम डायऑक्साईड हायड्रोजनमध्ये तापवलं तर निळसर-काळं होतं. हा डिफेक्टचा रंग का?

उत्तर: हो, बहुतेक वेळा. ऑक्सिजन जाताना आपले दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून जातो, ते शेजारच्या टायटॅनियमवर बसतात, त्याचा विद्युतभार चार प्लसचा तीन प्लस होतो आणि तो दिसणारा प्रकाश शोषतो. हवेत तापवलंत की परत पांढरं. टंगस्टनचं तर अजून भारी, पिवळ्यापासून सुरुवात, एका टंगस्टनमागे ३ ऐवजी २.९ ऑक्सिजन उरले की निळा, २.७२ ला जांभळा, २ ला तपकिरी आणि शेवटी करडा धातू. टंगस्टन पावडर बनवताना हे रंग ओळीने दिसतात.

प्रश्न: मग उत्प्रेरकात जितक्या व्हेकन्सी जास्त तितकं चांगलं ना?

उत्तर: नाही हो, इथेच सगळे फसतात. रिकामी जागा कामाची, पण ती परत परत रिकामी व्हायला हवी. सेरियम ऑक्साईडवर नायट्रिक ऑक्साईड आला की त्याचा ऑक्सिजन खड्ड्यात, म्हणजे व्हेकन्सीत, बसतो, नायट्रोजन सुटतो, आणि खड्डा भरला. आता कार्बन मोनॉक्साईडने किंवा हायड्रोजनने तो उपसला नाही तर काम बंद. ऑक्साईडमधलाच ऑक्सिजन असा जातो-येतो हे मार्स आणि व्हॅन क्रेव्हेलेन या शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये मांडलं, तेव्हा विषय ऑक्सिडेशनचा होता, आपण तोच रहाट उलटा फिरवतो.

शिवाय खड्डे फार झाले की ते एकत्र येतात, स्फटिकाची रचनाच सरकते आणि हातात वेगळंच ऑक्साईड येतं. आणि पाण्याची वाफ विसरू नका, टायटॅनियम डायऑक्साईडवरच्या एका व्हेकन्सीत पाण्याचा एक रेणू तुटला की दोन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसतात, खड्डा गायब. म्हणून सकाळी केलेलं सँपल दुपारपर्यंत उघडं ठेवून मग "डिफेक्ट मोजले" म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, बाटलीचं झाकण होतं का.